‘उद्या नक्की येतो’ आणि आत्याचा सागवानी पलंग

“पलंग आहे का अजून?”

गेल्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवस मी हा प्रश्न रोज वाचत होते. मराठीत कमी, कन्नड आणि इंग्रजीत जास्त. कोणी नुसतंच “अव्हेलेबल?” लिहायचं, कोणी थेट “लास्ट एष्टु?” म्हणजे शेवटची किंमत किती. आपण उत्तर दिलं की बहुतेक जण गायब.

माझी आत्या आणि काका म्हैसूरला कुवेंपुनगरात सव्वीस वर्षं राहिले. काका बँकेतून निवृत्त झाले, मुलगा पुण्यात, आणि शेवटी दोघांनी त्याच्याकडे जायचं ठरवलं. मुलाचा फ्लॅट दोन खोल्यांचा, तोही भरलेला. त्यामुळे सामान विकणं भाग होतं : सागवानी पलंग, फ्रिज, इडली-डोशाचं पीठ वाटायचा ग्राइंडर, आत्याचं शिलाई मशीन आणि काकांची स्कूटर. घर ३१ मेला रिकामं करायचं होतं. कर्नाटकात घरभाड्याचा अ‍ॅडव्हान्स मोठा असतो, कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढा. घर मोकळं करून किल्ली दिली की तो परत मिळतो. काकांनी पुण्यातल्या खर्चाचा सगळा हिशेब त्या रकमेवर बांधलेला. म्हणजे पलंग हलला नाही, तर पैसे अडकणार.

फोटो काढणं, जाहिरात टाकणं, निरोपांना उत्तरं देणं हे काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

पहिला माणूस

पलंगाची किंमत आम्ही ९,००० लावली होती. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. बोलणं अगदी सभ्य. थोडी घासाघीस झाली, ७,५०० वर ठरलं. “रविवारी अकराला टेम्पो घेऊन येतो, पक्कं समजा.” आत्याने ‘पक्कं’ हा शब्द जसाच्या तसा घेतला. तिच्या पिढीत शब्द दिला की वस्तू दिल्यासारखीच असते. त्यानंतर तीन दिवसांत आणखी चार जणांनी विचारलं. त्या चौघांनाही मी तिच्या सांगण्यावरून कळवलं, “पलंग विकला गेला.”

रविवारी सकाळी गादी खाली काढली, पलंग पुसला. आत्याने येणाऱ्यांसाठी उप्पिट्टू केलं, कारण टेम्पोवाल्यासह तीन माणसं येतील असा तिचा अंदाज. अकरा वाजले, एक वाजला. फोन केला तर टेम्पो मिळत नव्हता. संध्याकाळी दुसरं काम निघालं. सोमवारी फोन उचलला नाही. मंगळवारी उत्तर आलं, “आज अमावास्या, नाळे बर्तीनी.” उद्या येतो.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. कर्नाटकात भुताची एक जुनी गोष्ट आहे. रात्री दार ठोठावणारी एक चेटकीण असते, म्हणून लोक दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवत. नाळे बा म्हणजे उद्या ये. ती बिचारी ते वाचून परत जायची आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचायची. आपल्याकडे दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ची पाटी असते, त्यातलाच हा प्रकार. आमच्या बाबतीत फक्त बाजू उलटली होती. येणारा स्वतःच रोज ‘नाळे’ म्हणत होता आणि घरातले आम्ही वाचून गप्प बसत होतो.

बुधवारनंतर त्याचा फोन बंद लागायला लागला. मग मी त्या चौघांना पुन्हा निरोप पाठवले. दोघांनी दुसरा पलंग घेतला होता. एकाने वाचून उत्तर दिलं नाही. चौथा म्हणाला, “अजून गेला नाही ना? मग ४,००० देतो.” वस्तू परत बाजारात आली की लोकांना तिच्यात खोट दिसते, हे मला तेव्हा कळलं.

आत्याला पैशांपेक्षा दुसरंच लागलं होतं. “मी त्या चार जणांना खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “विकला नव्हताच.”

बोहारणीचा व्यवहार

त्या संध्याकाळी आत्याला कोल्हापूरच्या माहेरची बोहारीण आठवली. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी. ती दारात फतकल मारून बसायची, साडीचे काठ उजेडात धरून बघायची, पँटचे गुडघे तपासायची. तासभर हुज्जत चालायची. आजी पातेलं मागायची, ती ताटली दाखवायची, शेवटी दोन साड्या वाढवून पातेल्यावर तडजोड. पण ती उठली की व्यवहार संपलेला असायचा. ‘उद्या येऊन पातेलं देते’ असं काही नव्हतं. वस्तू, किंमत आणि दोन्ही माणसं एकाच उंबऱ्यावर हजर.

आता या तिन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या आहेत. किंमत मोबाइलवर ठरते, वस्तू घरात असते आणि माणूस कुठे आहे ते माहीत नसतं. त्याने एका बसमधून, कंटाळा आला म्हणून पाच जणांना ‘पक्कं’ म्हटलेलं असू शकतं. त्याला त्या शब्दाचं काहीच पडत नाही. किंमत मात्र आपण मोजतो. आपण घरी थांबतो, इतरांना नाही म्हणतो, गादी खाली काढतो.

मी या सगळ्यांना फसवे म्हणणार नाही. अनेकांना खरंच वस्तू हवी असते, पण तीच वस्तू आणखी तीन ठिकाणी बघितलेली असते. घरी नवरा किंवा सासूबाई नको म्हणतात आणि ते सांगायला लाज वाटते. आपणही दुकानात ‘फिरून येतो’ म्हणून फिरून जात नाहीच की! फरक एवढाच, दुकानदार आपल्यासाठी दुकान बंद करून बसत नाही.

इसार घ्या, पण दारात

काकांनी बँकेत आयुष्य काढलेलं. त्यांनी एका शब्दात उपाय सांगितला : इसार. कोणी विसार म्हणतात, कोणी बयाणा. जमिनीच्या, बैलांच्या, लग्नाच्या मांडवाच्या व्यवहारात चालत आलेली जुनी पद्धत. थोडे पैसे आधी द्यायचे, म्हणजे बोलण्याला वजन येतं.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. एका मुलीला फोनवरच म्हटलं, “५०० पाठवा, मग राखून ठेवते.” ती सरळ म्हणाली, “मॅडम, मी तुम्हाला ओळखत नाही.” बरोबरच होतं तिचं. खोट्या जाहिराती टाकून आगाऊ पैसे उकळणारे विक्रेतेही आहेतच. अनोळखी माणसाकडून वस्तू न दाखवता पैसे मागितले, तर जो शहाणा गिऱ्हाईक असतो तोच आधी पळतो.

म्हणून आम्ही असं ठरवलं. ज्याने वस्तू पाहिली नाही, त्याच्यासाठी काहीही राखायचं नाही. तो कितीही ‘पक्कं’ म्हणो, त्याला सांगायचं, “आधी येईल त्याला मिळेल. निघताना फोन करा, आहे की नाही ते सांगते.” घरी येऊन वस्तू पाहिली, पटली, पण आज न्यायची सोय नाही, अशा माणसाकडून दारातच इसार घ्यायचा. साधारण किमतीच्या दहाव्या भागाएवढा. हजाराच्या आतल्या वस्तूला इसार मागणं मला ओशाळं वाटतं. तिथे जो येईल त्याला द्यावं आणि मोकळं व्हावं.

इसार घेतला की लगेच एक निरोप लिहून पाठवायचा. मी असा लिहीत होते : ‘फ्रिज, किंमत ६,५००, इसार ५०० मिळाला. शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत न्यावा. तोवर दुसऱ्याला देणार नाही. येणं रद्द झाल्यास शुक्रवारपर्यंत कळवलं तर इसार परत, न कळवल्यास परत नाही.’ समोरच्याने त्यावर ‘ओके’ पाठवलं की झालं. इसार परत द्यायचा की नाही हे आधीच लिहिलेलं असलं, की नंतर भांडण होत नाही. माझ्या मते, वेळेत कळवणाऱ्याला तो परत द्यावाच. माणूस आला नाही याचा त्रास कमी असतो, आला नाही आणि बोललाही नाही याचा जास्त.

आणि हो, इसार घेतला की आपणही बांधले जातो. फ्रिजसाठी दुसऱ्या दिवशी एकाने ७,५०० देऊ केले, तेव्हा माझं मन डळमळलं. आत्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

बाकीच्यांना काय सांगायचं, तेही आम्ही बदललं. ‘विकला’ असं वस्तू घराबाहेर पडल्याशिवाय म्हणायचं नाही. “एकांशी बोलणं झालंय, शनिवारी संध्याकाळी नक्की कळेल, तुम्हाला कळवू का?” एवढं लिहिलं तर लोक चिडत नाहीत. उलट दोघे-तिघे त्या यादीत थांबले.

टेम्पो खाली उभा आहे

फ्रिजवाला शनिवारी आला. वेळेवर आला, दोन माणसं घेऊन आला. दोरी बांधून झाली आणि मग खिशातून पैसे काढत म्हणाला, “मॅडम, कडिमे माडी, ५,००० च आणलेत.”

हा प्रकार मला न येणाऱ्यांपेक्षा वाईट वाटतो. न येणारा विसरभोळा असू शकतो, हा हिशेब करून आलेला असतो. त्याला माहीत असतं की आपण बाकीच्यांना नकार दिलाय, फ्रिज रिकामा करून पुसून ठेवलाय, आता आपण नाही म्हणणार नाही. मी रागाने काहीतरी बोलणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, “बरं. दोरी सोडा. कॉफी घ्या आणि या.” आवाज चढवला नाही. आतून स्टीलच्या लोट्या-डवऱ्यांतून तीन कॉफ्या आल्या. त्या माणसाने कॉफी घेतली, जिना उतरला, खाली टेम्पोवाल्याशी काहीतरी बोलला आणि दहा मिनिटांनी उरलेले पूर्ण ६,००० घेऊन वर आला. टेम्पोचं भाडं त्याच्याही डोक्यावर होतंच की.

असं प्रत्येक वेळी जमेल असं नाही. ३० तारीख असती तर आम्ही ५,००० घेतलेही असते. म्हणून मोठ्या वस्तू शेवटच्या आठवड्यावर ठेवू नयेत. गिऱ्हाईकाला आपली घाई कळू देऊ नये, जाहिरातीत ‘अर्जंट’ लिहू नये. मी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

कर्नाटकात, खरं तर आपल्याकडेही, आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आषाढात नव्या घरात जाणं, मोठी खरेदी करणं लोक टाळतात, त्यामुळे त्या महिन्यात पलंग-कपाटांना गिऱ्हाईक कमी. अमावास्या, मंगळवार, शुक्रवार यांवरूनही अडतं. यात गंमत अशी की ग्राइंडर न्यायला एक बाई शुक्रवारी आल्या, तर आत्याच म्हणाली, शुक्रवारी घरातली लक्ष्मी बाहेर द्यायची नाही, उद्या या. त्या बाई दुसऱ्या दिवशी खरंच आल्या.

एकही प्रश्न न विचारणारा

शिलाई मशीनसाठी आलेला फोन वेगळाच होता. समोरचा हिंदीत बोलत होता. सैन्यात आहे, नुकतीच बदली झाली, बायकोला मशीन हवंय, स्वतः येता येणार नाही, माणूस पाठवतो, पैसे आत्ताच देतो. किंमत एका शब्दानेही कमी केली नाही. काका खूश. मी जरा साशंक, कारण त्याने मशीन पायाचं की हाताचं, एवढंही विचारलं नव्हतं. खरा गिऱ्हाईक प्रश्न विचारून भंडावून सोडतो. पलंगासाठी तर एका काकूंनी मला ढेकणांबद्दल तीनदा विचारलं होतं.

त्याने आधी एक रुपया पाठवला, ‘खातं बरोबर आहे ना बघायला’. तो जमा झाला. मग एक क्यूआर कोड आला : स्कॅन करा, पिन टाका, ४,००० जमा होतील. काकांनी चष्मा शोधायला घेतला आणि स्वयंपाकघरातून आत्याने विचारलं, “पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?”

तिने भाजीवाल्याला पैसे देताना पिन टाकला होता, भिशीचे पैसे मिळाले तेव्हा टाकला नव्हता. एवढ्या अनुभवावर आमचे पैसे वाचले. यूपीआयचा नियम तोच आहे : पिन पैसे देताना लागतो. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन लागत नाही, काहीच लागत नाही.

यात फसणारी माणसं अडाणी असतात असं समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आयआयटीत शिकलेल्या मुलीने ऑनलाइन सोफा विकायला काढला होता. ‘खरेदीदारा’ने आधी थोडे पैसे पाठवून विश्वास मिळवला, मग कोड पाठवला. तिच्याच खात्यातून २०,००० गेले. चुकून झालं, परत करतो म्हणत त्याने पुन्हा तेच करवलं, आणखी १४,००० गेले. पुढे पोलिसांनी काही जणांना अटक केली. सैनिक असल्याचं सांगून अशी फसवणूक करणाऱ्या टोळ्या राजस्थानातलं भरतपूर आणि हरियाणातलं मेवात इथून अनेकदा पकडल्या गेल्या आहेत.

पूर्वी दुसऱ्याच्या मोबाइलवर पैशांची ‘मागणी’ पाठवून, ती पैसे जमा होण्याची सूचना आहे असं भासवलं जायचं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणीची सोयच बंद केली. क्यूआर कोड मात्र आहेतच. शिवाय आणखी एक युक्ती चालते. २,५०० ऐवजी चुकून २५,००० पाठवले, बाकीचे परत करा, असं कळवळून सांगतात आणि पुरावा म्हणून बँकेसारखा दिसणारा खोटा मेसेज येतो. मेसेज किंवा स्क्रीनशॉट बघू नका, स्वतःच्या खात्यात शिल्लक बघा, मगच वस्तूला हात लावू द्या.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. ग्राहक आयोगाची वाट मात्र इथे नाही. तो ग्राहकासाठी आहे, आणि या व्यवहारात आपण विकणारे असतो.

स्कूटरला घाई नको

काकांची केए-०९ नंबरची स्कूटर घ्यायला एक तरुण आला. पैसे रोख, भाव चांगला. फक्त म्हणाला, “फॉर्मवर सह्या करून ठेवा, नाव मी नंतर करून घेतो.” काका तयार होते. ओळखीतल्या सगळ्यांनी असंच केलेलं.

इथे मात्र मी अडून बसले. पलंगवाला आला नाही तर एक आठवडा जातो. गाडी नेणाऱ्याने नाव बदललं नाही तर ती कागदावर वर्षानुवर्षं आपलीच राहते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी असाच एक खटला निकाली काढला. मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती, ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे गेली, २००९ मध्ये अपघात झाला आणि त्यात एक जीव गेला. नोंदणीत नाव अजून पहिल्याच मालकाचं होतं. न्यायालय म्हणालं, ज्याचं नाव नोंदणीत तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारीही त्याचीच. दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी, जी आता कोणाकडे आहे हेही कदाचित त्याला ठाऊक नसेल.

मोटार वाहन कायद्यानुसार, त्याच राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९, आणि नाव बदलण्याचा अर्ज फॉर्म ३०. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर आधी बँकेचा बोजा उतरवून घ्यावा लागतो. आम्ही त्या तरुणाला सांगितलं, अर्ज दाखल होईपर्यंत २,००० रुपये आमच्याकडे जास्तीचे राहतील, नाव बदललं की परत. तो जरा रागावला. मग त्याने वडिलांना फोन केला आणि वडिलांनीच त्याला समजावलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सगळे कागद घेऊन आला. गाडी दिली तेव्हा तारीखच नाही, वेळसुद्धा लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवली. त्या दिवशी संध्याकाळी सिग्नल तोडल्याचा दंड आला असता, तर तो कोणाचा हे त्या वेळेवरून ठरलं असतं.

२९ तारीख

पलंग शेवटी एका नव्या जोडप्याने घेतला. मुलगी सांगलीची, मुलगा हासनचा, दोघेही हेब्बाळच्या एका कंपनीत लागलेले. त्यांनी येऊन पाहिला, ५०० इसार दिला आणि ठरलेल्या दिवशी सकाळी सातलाच फोन केला : टेम्पोवाल्याने दगा दिला, उद्या चालेल का? आत्या लगेच हो म्हणाली. तेही एक दिवस उशिरानेच आले, पण त्यांच्याबद्दल घरात कोणी एक शब्द वावगा बोललं नाही.

५,००० ला गेला. छोटा हत्ती दारात उभा, पलंगाचे बोल्ट गंजलेले, काकांनी अर्धा तास खपून ते सोडवले आणि जाताना पानाही त्यांनाच देऊन टाकला. आत्याने मुलीला मराठीत विचारलं, “गादी आहे का गं?” नव्हती. मग गादीही गेली, तिचे पैसे घेतले नाहीत. शिलाई मशीन आत्याने विकलंच नाही. ते पुण्याला गेलं आणि आता मुलाच्या बाल्कनीत आहे. ३१ ला किल्ली दिली, अ‍ॅडव्हान्स मिळाला.

जूनच्या शेवटी आत्याचा पुण्याहून फोन आला. हसतच होती. पहिल्या रविवारच्या त्या गृहस्थांचा तिला निरोप आला होता, “पलंग आहे का अजून?”

“मग काय लिहिलंस?” मी विचारलं.

“नाळे बा.”